तयार गाड्यांचा रकाना

कल्याणच्या पुढे, जिथे इमारती संपून भातशेती सुरू व्हायची, तिथे लष्कराचं एक वर्कशॉप होतं. त्याचं नाव सांगत नाही. तेव्हाही ते बाहेर उच्चारू नका, अशी ताकीद होती. ट्रक, जीपा, पाण्याचे टँकर तिथे दुरुस्तीला यायचे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी सव्वीस वर्षांची, डोंबिवलीत आईवडिलांकडे राहणारी, ठाण्यातल्या एका लहानशा कॉम्प्युटर कंपनीत प्रोग्रॅमर. मालक धरून आम्ही सात माणसं. एवढ्याशा कंपनीला लष्कराचं काम कसं मिळालं, हे मी मालकांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी "तू काम कर ना," एवढंच उत्तर दिलं.

काम ऐकायला साधं होतं. वर्कशॉपच्या कर्नलसाहेबांच्या टेबलावर रोज सकाळी एक कागद जायला हवा होता. किती गाड्या तयार आहेत, किती दुरुस्तीत आहेत, कुठली किती दिवस पडून आहे. हाच कागद पूर्वी कारकून हाताने बनवायचे आणि तो साहेबांपर्यंत पोचेस्तोवर चार-पाच दिवस शिळा झालेला असायचा. आता विभागांनी रोज संध्याकाळी छापील फॉर्म भरून द्यायचे, ते आम्ही मशीनमध्ये घालायचे आणि सकाळी प्रिंटआउट काढायचा.

आमच्या आधी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने हेच काम केलं होतं आणि ते बंद पडलं होतं. त्यांची दोन मशीनं प्लॅस्टिकच्या कव्हरखाली झाकून ठेवलेली होती. खोलीला एसी होता, म्हणून कारकून दुपारी तिथे डुलक्या काढायचे. कॉम्प्युटरचं काम एका तरुण कॅप्टनकडे होतं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "आधीचं काम बंद का पडलं?"

"सॉफ्टवेअर चांगलं नव्हतं," ते म्हणाले.

त्याच दुपारी चहाच्या वेळी एक म्हातारा कारकून माझ्या शेजारून जाता जाता म्हणाला, "सॉफ्टवेअर चांगलंच होतं हो, मॅडम." आणि थांबला नाही. मी त्याच्या मागे गेले तर त्याने मला काही ऐकूच येत नाही असं दाखवलं.

तेव्हापासून मला तिथे सगळ्यांचाच संशय यायला लागला. त्यांना माझा होताच. गेटवर माझ्या फ्लॉपी मोजून वहीत लिहून घेत. जेवणाचा डबा उघडायला लावत. एकदा तर पोळीची गुंडाळीसुद्धा उलगडून पाहिली. आत खोलीत माझ्या मागे खुर्ची टाकून एक हवालदार बसायचा. साताऱ्याकडचा, चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा. मी की-बोर्डवर काही टाइप केलं की तो आपल्या छोट्या वहीत काहीतरी लिहायचा. मी थांबले की तो थांबायचा. मी वळून पाहिलं की वही मिटायचा. मी घरी सांगितलं, तेव्हा वडील म्हणाले, "इंटेलिजन्सचा असणार. तोंड सांभाळून बोल." मी मग त्याच्यासमोर टेलिफोनवरसुद्धा मोजकंच बोलायला लागले.

यार्डाचा फॉर्म भरायचं काम फोरमनकडे होतं. यार्ड म्हणजे दुरुस्त झालेल्या आणि होणाऱ्या गाड्या उभ्या करायचं मोठं मैदान. फोरमन लष्करातला नव्हता, सिव्हिलियन होता. जवळच्याच गावातला आगरी माणूस, पन्नाशीचा, कानावर पेन्सिल. त्याच्या आजोबांची भातशेती याच कुंपणाच्या आत गेली होती, असं लोक सांगत. तो माझ्याकडे कधी नीट बघायचा नाही. फॉर्म टेबलावर ठेवायचा, "घ्या" म्हणायचा आणि जायचा. कॅप्टनसाहेबांनी मला एकदा हळूच सांगितलं, "उस पे नजर रखिए." कारकुनांत कुजबुज होती की तो गाड्यांचे सुटे भाग बाहेर विकतो. मी ते लगेच खरं मानलं. आज लाज वाटते, पण मानलं.

तीन महिने आमचा प्रिंटआउट रोज वेळेवर निघत होता. मालक खूश होते. पण मला एक गोष्ट खटकत होती. तयार गाड्यांचा आकडा रोज वाढायचा, कमी कधीच व्हायचा नाही. आणि खोलीच्या खिडकीतून यार्डाच्या कडेचा एक ट्रक मला दिसायचा. त्याच्या बॉनेटवर घोसाळ्याचा वेल चढला होता. चांगली पिवळी फुलं आली होती. त्याचा नंबर मी आमच्या यादीत शोधला. तो तीन आठवड्यांपासून 'तयार' होता.

एवढ्यावर मी कॅप्टनसाहेबांकडे जायला हवं होतं. पण त्यांचाही मला भरवसा नव्हता. मी ठरवलं, आपणच बघायचं. जेवणाच्या सुट्टीत मी यार्डाच्या कडेने फेरी मारायला लागले. गाड्यांचे नंबर तळहातावर पेनने लिहायचे आणि खोलीत येऊन यादीशी ताडून बघायचे. काहींची चाकं मातीत रुतलेली. एकीच्या खाली कुत्री व्यालेली. या सगळ्या कागदावर तयार! चौथ्या दिवशी माझा तळहात अर्धा भरला होता, तेवढ्यात दोन शिपाई माझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले.

सुरक्षा अधिकाऱ्यासमोर मला दोन तास उभं केलं. तो शांतपणे बोलायचा आणि तेच जास्त भीतीदायक होतं.

"लष्करी गाड्यांचे नंबर तुम्ही हातावर का लिहीत होता?"

"यादीशी जुळतात का बघायला."

"यादी बनवतं कोण?"

"आम्हीच."

"मग स्वतःच्याच यादीवर तुमचा विश्वास नाही?"

मी माझ्या तळहाताकडे पाहिलं. त्याने तेही लिहून घेतलं. माझा हात साबणाने धुवायला लावला, पास काढून घेतला, आणि जीपने मला कल्याण स्टेशनला आणून सोडलं.

तीन दिवसांनी आमच्या सोसायटीत चौकशीला पोलीस आला. तो आधी आमच्याकडे आला नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे गेला. मुलगी कशी आहे, घरी कोण येतं-जातं, कुणी परदेशात आहे का, असं बरंच विचारलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं. पाणी भरायला गेलेली आई रिकामी बादली घेऊनच परत आली, कारण तिथे उभ्या असलेल्या बायका तिला पाहून एकदम गप्प झाल्या होत्या. वडील माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"तू नक्की काय मोजत होतीस?"

"सांगितलं ना बाबा. गाड्या."

"कुणी सांगितलं होतं मोजायला?"

"कुणीच नाही."

"कुणीच नाही," ते पुन्हा म्हणाले, आणि मला जाणवलं की त्यांचाही माझ्यावर पूर्ण विश्वास बसत नाहीये. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात वाईट संध्याकाळ होती. पोलिसांचं काय, ते त्यांचं काम करत होते. पण वडिलांचा तो आवाज मी कधी विसरले नाही.

ठाण्याच्या ऑफिसातही तेच. मालकांनी मला जुन्या कामाच्या फायली लावायला बसवलं. मी आत गेले की ते टेलिफोनवर आवाज खाली आणत. माझी चुगली कोणी केली असेल, याबद्दल मला शंकाच नव्हती. फोरमननेच. त्या चारही दिवशी तो यार्डातल्या शेडमध्ये डबा खात बसलेला मी पाहिला होता.

दोन आठवडे गेले. मग एका शनिवारी मालकांनी मला बोलावलं. वर्कशॉपमधून पत्र आलं होतं. कर्नलसाहेबांनी सोमवारी 'कॉम्प्युटरच्या चुकीबद्दल' खुलासा द्यायला कंपनीला बोलावलं होतं आणि प्रोग्रॅम लिहिणारी व्यक्ती हजर हवी, असं त्यात लिहिलं होतं.

"काय चुकलंय?" मी विचारलं.

"मला काय माहीत? तू सांग," मालक म्हणाले.

रविवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. दार वडिलांनी उघडलं. बाहेर फोरमन उभा होता. स्वच्छ धुतलेला पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. मला आधी तो ओळखूच आला नाही, कारण मी त्याला खाकीशिवाय पाहिलंच नव्हतं.

"तुमी पोरीचं बाबा काय?" त्याने विचारलं. "मी तिच्या कामावरचा. बसू का?"

वडिलांनी खुर्ची दिली, पण स्वतः दाराजवळच उभे राहिले. फोरमनने पिशवीतून वालाच्या शेंगा काढून आईकडे दिल्या. शेंगांच्या खाली एक वही होती, जाड पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली. ती त्याने मांडीवर ठेवली.

"पयलं सांगतो," तो म्हणाला. "तुमचं नाव मीच दिलेलं. तुमी गाऱ्या मोजताव, ते मीच सांगलं."

माझा अंदाज बरोबर होता, आणि तरी मला त्याचा आनंद झाला नाही.

"का?" वडिलांनी विचारलं.

"मना वाटलं, हिला वरच्या हाफिसानी धाडलीय. माजं काम पकराला."

मग त्याने सांगितलं ते असं. गेल्या आठवड्यात वरून हुकूम आला की सरावासाठी बारा ट्रक ताबडतोब पाठवा. आजवर असा हुकूम आला की कर्नलसाहेब फोरमनला बोलावून विचारायचे, कुठले देऊ? या वेळी त्यांनी तसं केलं नाही. प्रिंटआउट हातात घेतला, स्वतः यार्डात आले, आणि यादीतले पहिले बारा नंबर मोठ्याने वाचले. त्यांतले सात निघाले. तीन सुरूच झाले नाहीत. एकाचं बॉनेट उघडलं तर आत रेडिएटरच्या जागी मोकळी जागा. बारावा होता तो वेलाचा. साहेब त्या वेलासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. तासाभरात सगळे विभाग एकच सांगायला लागले, की कॉम्प्युटर चुकला.

"कॅप्टनसाहेबसुद्धा?" मी विचारलं.

"त्येच तं पयले बोल्ले."

"आणि तुम्ही?"

"मी गपच बसलो. माना डोलवल्या सगल्यांनी, मी पन डोलवली." त्याने वहीवर हात ठेवला. "घरी गेलो, पन जेवन गेला नाय. कॉम्प्युटर कुठं चुकला? आमी लिवला तेच त्याने छापला."

वही त्याची स्वतःची होती. अकरा वर्षांची. प्रत्येक गाडीला एक ओळ, आणि त्यापुढे खरी हकिगत. अमुक गाडीचा सेल्फ-स्टार्टर काढून तमुक गाडीला लावला. हिचा डायनॅमो तिला दिला. ही सगळी तयार, फक्त एक पाइप नाही, पाइपची मागणी पाच महिन्यांपूर्वी पुन्हा पाठवलेली. भाग विकल्याची कुजबुज कुठून आली होती, ते मला ती पानं वाचताना कळलं. भाग एका गाडीतून निघून दुसऱ्या गाडीत जात होते, यार्डाबाहेर नव्हे. पण तसं करायला लेखी परवानगी लागायची, ती कधी मिळायची नाही, आणि गाड्या मात्र हव्याच असायच्या. म्हणून सगळे अधिकारी तोंडी सांगायचे, "करून टाक." कागदावर फक्त फोरमन अडकणार होता.

"मग फॉर्मवर हे का नाही लिहिलंत?" मी विचारलं.

"कुठं लिवू?" तो पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत म्हणाला. "तुमच्या फारमात दोनच खाने. तयार, नायतं दुरुस्तीत. दुरुस्तीत लिवला की तीस दिसांनी मेमो येतो, खुलासा द्या. म्हनून समदे लिवतात तयार. गारी तयार म्हंजे काय, ते मना तुमी कवा इचारलं?"

विचारलं नव्हतं. तीन महिने मी त्या माणसाने दिलेले आकडे मशीनमध्ये घालत होते, त्याच्यावर नजर ठेवत होते, आणि त्याला एक प्रश्न विचारला नव्हता. फॉर्म मी ठाण्यात बसून, कॅप्टनसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे एका दुपारीत बनवला होता.

वडील इतका वेळ दाराशीच होते. ते आता येऊन बसले आणि आईला म्हणाले, "चहा टाक."

सोमवारी कर्नलसाहेबांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. साहेब, कॅप्टन, आमचे मालक, मी, आणि न बोलावता आलेला फोरमन. साहेब उत्तरेकडचे होते, हिंदीत बोलायचे. मी मराठीत लिहिते आहे. मालकांनी घसा साफ करून माफी मागायला सुरुवात केली. साहेबांनी हाताने त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, "चूक कुठे झाली?"

मी म्हणाले, "मशीनमध्ये नाही झाली, सर."

कॅप्टन लगेच म्हणाले, "सर, डेटा एंट्रीच्या वेळी…"

"नाही साब," फोरमन म्हणाला, आणि वही टेबलावर ठेवली.

साहेबांनी वही उघडली. बराच वेळ पानं उलटत राहिले. मग त्यांनी फोरमनला विचारलं, "अकरा वर्षं हे तुझ्याकडे होतं. आज का आणलंस?"

"आज तुमी कागद वाचला साब. याच्या आधी कोनी वाचत नव्हता."

साहेबांचा चेहरा मला तेव्हा वाचता आला नाही. मला वाटलं, आता या माणसाची नोकरी जाणार. परवानगीशिवाय भाग काढल्याचा पुरावा त्याने स्वतःच्या अक्षरात टेबलावर ठेवला होता. आणि कॅप्टनसाहेबांच्या चेहऱ्यावर मला वाटतं थोडं समाधानही होतं. तीस दिवसांच्या मेमोंवर सही त्यांचीच असायची, आणि दोष आता फोरमनवर जाणार होता.

साहेबांनी वही मिटली, पण स्वतःकडे ठेवून घेतली नाही. फोरमनला परत दिली. मला म्हणाले, "याच्या वहीत जेवढे प्रकार आहेत, तेवढे रकाने करा. याच्याशेजारी बसून करा." मग कॅप्टनकडे वळून म्हणाले, "तीन महिने एकही मेमो नाही. कोणी काहीही लिहू दे."

बाहेर आल्यावर फोरमन म्हणाला, "बोलाला काय जातंय. बघूया." माझंही मत तेच होतं.

पास परत मिळाला. मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं, की मी पंधरा दिवस नव्हते, मग साहेबांच्या हातात त्या दिवशीचा प्रिंटआउट आला कुठून? प्रोग्रॅम दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हता. निदान मी तसं समजत होते.

हवालदार उभा राहिला. "ताई, मी काढत होतो," तो म्हणाला. "चुकलं असेल तर सांगा."

त्याने ती छोटी वही मला दाखवली. पहिल्या दिवसापासून मी दाबलेली एकेक की त्यात देवनागरीत लिहिलेली होती. 'हिरवा ठिपका आला की वाय. मग एंटर. मग प्रिंटरचं झाकण बघणे.' कमांडची स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून. कागद अडकला तर काय करायचं, त्याचं चित्रसुद्धा. त्याला दोन वर्षांनी निवृत्त व्हायचं होतं. गावाकडे जाऊन सिक्युरिटीची नोकरी करायची नव्हती. कॉम्प्युटर शिकायचा होता. मला विचारायला त्याला संकोच वाटत होता.

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवताय," मी म्हणाले.

"ती ठेवायची होतीच," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण त्याचा रिपोर्ट दोन ओळींचा असायचा."

नवा फॉर्म करायला आम्हाला पाच आठवडे लागले. यार्डातल्या शेडमध्ये, लाकडी खोक्यावर कागद ठेवून. मी एखादा शब्द लिहायचे, फोरमन म्हणायचा, "हा आमचे पोरांना नाय कलनार." मग त्यांचा शब्द घालायचा. शेवटी सहा रकाने झाले. सगळ्यात महत्त्वाचा होता 'भाग कोणत्या गाडीला दिला'. तो घालताना फोरमनने मला दोनदा विचारलं, "घालायचा ना नक्की?"

पहिला खरा प्रिंटआउट निघाला त्या सकाळी आम्ही तिघं, मी, फोरमन आणि हवालदार, प्रिंटरसमोर उभे होतो. सुया करकरत पुढे जात होत्या आणि तयार गाड्यांचा आकडा आला. जुन्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. तोही पूर्ण खरा नव्हता. दोन विभागांनी अजून जुनंच लिहिलं होतं, हे फोरमनला यादी बघताच कळलं. कागद साहेबांकडे गेला. त्याच्याखाली सही करून त्यांना तो वर पाठवायचा होता. म्हणजे कालपर्यंत इतक्या गाड्या तयार आहेत असं सांगणारा माणूस आज सांगणार होता, की नव्हत्या.

मी मनात म्हटलं, आता हा आकडा 'सुधारून' परत येणार. दुपारपर्यंत वाट पाहिली. कागद आला नाही. संध्याकाळी त्यांच्या ऑफिसातल्या कारकुनाने सांगितलं, की साहेबांनी सही केली, कागद गेला, आणि वरून टेलिफोन आला तेव्हा साहेब वीस मिनिटं फक्त 'येस सर' म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रिंटआउट घेऊन यार्डात आले. रोज यायला लागले. ओरडायचे नाहीत. एक नंबर वाचायचे, त्या गाडीपर्यंत चालत जायचे, बॉनेट उघडायला लावायचे आणि कागदात जे आहे तेच आत आहे का, एवढंच बघायचे. खरं असलं की "ठीक है," आणि पुढची गाडी. ज्या दोन विभागांनी जुनंच लिहिलं होतं, त्यांच्या प्रमुखांना आठवड्याभरात कळलं की खोटं लिहिण्यात आता काही फायदा नाही आणि खरं लिहिण्यात धोका नाही. मला मात्र ते कळायला वेळ लागला. तीन महिने संपायच्या दिवशी मी मेमोची वाट बघत होते. मेमो आले नाहीत.

त्या सहा रकान्यांतून एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली, की वेगवेगळ्या कित्येक गाड्या एकाच जातीच्या पाइपासाठी अडून होत्या. ती यादी नंबरांसकट वर गेली. पाइप दीड महिन्यात आले. फोरमनने पहिलं खोकं उघडताना मला बोलावलं. पाइपाला हात लावून म्हणाला, "पाच वरसं कागद लिवत होतो."

या कामाचं नाव झालं. दुसऱ्या एका वर्कशॉपचे अधिकारी आले, आमचा प्रोग्रॅम फ्लॉपीवर घेऊन गेले. मी म्हटलं, "तुमच्या यार्डातल्या माणसाशी आधी बोलायला हवं." ते म्हणाले, "त्याची गरज नाही, आमचं काम सेमच आहे." वर्षभराने मी तिथे गेले तेव्हा मशीनं कव्हरखाली होती. आमचं सॉफ्टवेअर चांगलं नव्हतं, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मी वाद घातला नाही.

नव्वदचं दशक सुरू झालं आणि आमचे कर्नलसाहेब बदलून गेले. नवे आले. पहिल्याच बैठकीत त्यांनी प्रिंटआउट हातात धरून विचारलं, "इतक्या गाड्या बंद का?" प्रश्न बरोबर होता, पण आवाज वेगळा होता. बसलेल्या प्रत्येक विभागप्रमुखाने तो आवाज ओळखला. दुसऱ्या दिवशी फॉर्म आले, तेव्हा चार विभागांत तयार गाड्या रातोरात वाढल्या होत्या. यार्डाच्या फॉर्मवर मात्र कालचाच आकडा होता. चौथ्या दिवशी फोरमनला मेमो मिळाला. इतरांनी प्रगती केली, तुम्ही का नाही, याचा खुलासा.

मला वाटलं, झालं, संपलं. मी कॅप्टनसाहेबांकडे गेले. आता ते मेजर झाले होते. जुन्या मेमोंवर सही करणारा हाच माणूस, म्हणून फार आशा नव्हती. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैं देखता हूँ." ते नव्या साहेबांच्या खोलीत तासभर होते. आत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. ते मनापासून गेले, की यादी खोटी निघाली तर आपलंही नाव येईल म्हणून गेले, तेही माहीत नाही. पण दुसऱ्या सकाळी दोघं मिळून यार्डात आले, आणि नव्या साहेबांनी पहिल्यांदा एक बॉनेट उघडायला लावलं. आठवडाभरात चारही विभागांचे आकडे गुपचूप खाली आले.

फोरमनचा मेमो मात्र कोणी लेखी मागे घेतला नाही. तो त्याच्या फायलीत राहिला. काही वर्षांनी त्याच्या निवृत्तीच्या वेळी फाइल बंद होत होती तेव्हा मी त्याला म्हटलं, "भाऊ, अर्ज करा ना, तो काढून टाकतील."

"राहू दे," तो म्हणाला. "खरा लिवला म्हनून मेमो भेटला. माजे नातवाला दाखवीन."

मग त्याने यार्डाच्या चाव्या नव्या फोरमनच्या हातात दिल्या आणि त्याला एकेका गाडीपाशी घेऊन गेला.